बर्फ वितळतो, विरघळतो की पाघळतो?

अनुस्वार: पॅट्रिशिया फोर्ड या आयरिश लेखिकेची 'द वर्डस्मिथ' (२०१५) भाचीसाठी मराठीत करून बघतोय. बर्फ गेला, समुद्र चढला, जग बुडालं. वाचलेल्यांना बोलायला फक्त ५०० शब्दांची यादी. त्या संकटाचं पुस्तकातलं नाव 'द मेल्टिंग'. मी 'वितळण' लिहिलं. आई म्हणाली, "मेणबत्तीचं वाटतंय. बर्फ विरघळतो ना?" शाळेत याच 'विरघळतो'पायी माझा अर्धा मार्क गेला होता!

खडीसाखर: गेला ते बरोबरच. उष्णतेनं वितळतं, पाण्यात विरघळतं. साखर चहात विरघळते, कोरड्या कढईत वितळते. एवढा फरक पाळावा माणसानं.

झुणका: कढई ठेवा बाजूला. जत्रेत पोरगं रडतं ते "गोळा विरघळला" म्हणून. "वितळला" म्हणणारं पोर दाखवा, माझ्याकडून दोन गोळे.

काठावरचा: पाघळणे विसरलात. थंडीत थिजलेल्या तुपाची बरणी आजी उन्हात ठेवायची आणि दर पाच मिनिटांनी मला पिटाळायची, "पाघळलं का बघ." कडेनं आधी सुटायचं, मधे पांढरा गोळा तरंगत राहायचा. हिमनग म्हटलं की मला अजून तीच बरणी दिसते. शिवाय तोंडही पाघळतं. शब्दांवर पहारा असलेल्या गावात त्याच्याइतका मोठा गुन्हा कोणता?

पाणिनीचा शेजारी: 'प्रलय' तयार असताना ही खटपट कशाला? धातू 'ली'. लय, विलय, विलीन, सगळे त्याचेच. प्रलय म्हणजे मुळात विरघळून जाणंच.

अनुस्वार: व्युत्पत्ती झकास, पण प्रलय म्हटलं की मनू, मासा आणि होडी येते. देवानं केल्यासारखं वाटतं. इथे माणसांनी केलंय.

झुणका: बाकी शब्द छाटायची हौस आपल्यालाही जुनीच. शिवकाळात राज्यव्यवहारकोश, मग सावरकरांची भाषाशुद्धी.

खडीसाखर: छाटणी कुठे? फारसी किंवा इंग्रजी शब्द काढला तिथे संस्कृत दिला. मेयर गेला, महापौर आला. त्या कादंबरीत नुसती वजाबाकी आहे. दोन्ही एकाच मापानं मोजू नका.

झुणका: बदली शब्द दिला म्हणून हुकूम गोड होत नाही. आणि दिनांक येऊनही तारीख गेली का? कोर्टात जाऊन बघा.

काठावरचा: ५०० शब्दांत पावसाला किती जागा मिळेल हो? आमच्याकडे पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूंचा, पूर्वाचा सुनांचा. हल्ली बातम्यांत मे महिन्यातला वळीवसुद्धा 'अवकाळी' होतो. यादी लावायची गरजच नाही, आपणच एकेक शब्द खाली ठेवतोय.

खडीसाखर: वळीव अवकाळी नव्हेच. तो त्याच्या वेळेवर येतो.

अनुस्वार: मंडळी, वितळणीचं काय करू?

झुणका: थांबा हो जरा. सासूंचा मघाचा? आमच्या आजीचं उलट होतं.

काठावरचा: आजी सासू होती की सून, त्यावर असेल ते.