मदत हवी आहे: आजीची बेने इस्राएल मैत्रीण इस्राएलहून राहायला येतेय, शब्बाथचं काय काय सांभाळायचं?

चौलची_नात

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकी मदत मिळणार नाही.

माझी आजी ८१ वर्षांची. चौलला आमचं घर, आणि पलीकडच्या वाडीत पूर्वी एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, कुटुंब राहायचं. त्यांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना सगळे ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची मुलगी म्हणजे आजीची जिवाभावाची मैत्रीण. लग्नानंतर १९६९ मध्ये ती नवऱ्याबरोबर इस्राएलला गेली, लोदला स्थायिक झाली. आता जानेवारीत ती नातवाला घेऊन येतेय आणि गुरुवार ते सोमवार आमच्याकडेच राहणार आहे. म्हणजे शुक्रवार संध्याकाळ आणि अख्खा शनिवार, त्यांचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस शब्बाथ, आमच्या घरात.

आजीला पुष्कळ आठवतं. नवरात्राच्या आसपास त्यांचा ‘नव्याचा सण’ (नवं वर्ष) यायचा, तेव्हा चिकाच्या हलव्याचं ताट आमच्याकडे यायचं. गहू तीन दिवस भिजवून, वाटून काढलेला चीक, त्यात नारळाचं दूध. आजीची मैत्रीण आणि तिची आई पाळीपाळीने ढवळत बसायच्या, आजी मधेच जाऊन कढईच्या कडेची खरवड मागायची. त्यांच्या होळीच्या सणाला, म्हणजे पुरीमला, त्यांच्याकडेही पुरणपोळ्याच, हे तिला लहानपणी फार नवल वाटायचं.

आणि एक गोष्ट. एकदा आजीने तिला सुकटीची चटणी भाकरीवर वाढली. तिने भाकरीची कड तेवढी मोडून खाल्ली आणि चटणी तशीच ठेवली, बोलली काही नाही. पणजीच्या ते ध्यानात आलं. दुसऱ्या दिवसापासून फडताळात तिच्यासाठी एक पितळी वाटी वेगळी राहिली, तळाला खिळ्याने फुली कोरलेली. ती वाटी अजून आमच्याकडे आहे. दरवर्षी दिवाळीला घासली जाते, पण कोणी त्यात खात नाही.

अडचण अशी की आमचं घर पक्कं मासेखाऊ. कोळंबी, तिसऱ्या, चिंबोऱ्या सगळं शिजतं. नातू २२-२३ वर्षांचा, धर्माचं काटेकोर पाळणारा आहे. त्याने फोनवर अगदी अदबीने विचारलं की आजीला तुमच्या अंगणात शब्बाथ करता येईल का. आम्ही आनंदाने हो म्हटलं, पण आता धास्ती वाटतेय. माझे प्रश्न:

स्वयंपाक कसा करू? आमची भांडी त्यांना चालतील का? शनिवारी दिवे, पंखे, फ्रिज यांचं काय? एलियाहू हन्नाबीचा (एलिया प्रेषिताच्या नावाने करतात तो) मलिद्याचा विधी आमच्या घरी होऊ शकतो का, की असं सुचवणंच आगाऊपणा होईल? अलिबागच्या प्रार्थनालयात आम्ही सोबत गेलो तर काय घालायचं? आणि ती पितळी वाटी पुढे करावी का?

ठाणेकर_मावशी

बाळा, वाचून डोळे भरून आले. मी बेने इस्राएल, माहेर पेणचं, आता ठाण्यात. आमच्या घरात जे पाळतो ते सांगते.

आधी मासे. ज्याला पर आणि खवले दोन्ही आहेत तोच मासा चालतो. पापलेट चालेल, रावस चालेल. कोळंबी, खेकडे, शिंपल्या, माकूल, मुशी नाही. रहाबी नावाचे गुरू कोकणात आले तेव्हा त्यांनी बायकांसमोर मिसळ मासळी ठेवली आणि त्यांनी खवल्यांचे मासे तेवढे निवडले, त्यावरून आपली ओळख पटली, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. म्हणून मासा आमच्यासाठी नुसतं जेवण नाही. कोंबडी-मटणाचा विचारच करू नकोस, ते आमच्या पद्धतीने कापलेलं लागतं. मांस आणि दूध आम्ही एकत्र खात नाही, म्हणून आमच्या रश्शात दह्याऐवजी नारळाचं दूध.

तू शाकाहारीच कर. वालाचं बिरडं कर. आमच्यात आव या ज्यू महिन्यातल्या उपासाच्या सणाला बिरड्याचा सणच म्हणतात, तिला ओळखीची चव लागेल. पालेभाजी करशील तर पान न् पान उलटून बघ, अळी-किडा असता कामा नये. अंडं आधी वेगळ्या वाटीत फोड, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून दे.

भांडी: चार नवीन पातेली, एक नवा तवा, कालथा, सुरी, ताटं आण आणि घरच्या भांड्यांत मिसळू देऊ नकोस. आणि शिजवताना गॅस तिला पेटवू दे, पातेलं तिच्या हाताने चढवू दे. आपल्या लोकांत काटेकोर पाळणाऱ्यांना हे महत्त्वाचं असतं. तिला सरळ सांग, ‘काकी, चूल तुमची, हाताखाली मी.’ बघ किती खूश होईल. आणि घरात नैवेद्य दाखवलेलं काही असेल तर ते त्यांच्या पानात वाढू नकोस, त्यांना नाही म्हणणं अवघड जातं.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळं शिजून झालं पाहिजे. जानेवारीत तुमच्याकडे सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे सहाच्या आत ती दिवे लावेल. आमच्या जुन्या घरांत काचेच्या पेल्यात पाणी आणि वर तेल घालून टांगता दिवा असायचा. मेणबत्त्या दोन आणून ठेव, पण पेल्याचं आजीला विचार, तिला आठवत असेल. किद्दूशसाठी, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीला पेल्यावर म्हणतात त्या प्रार्थनेसाठी, आम्ही वाइनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत करतो. मनुका आदल्या रात्री भिजवायच्या, सकाळी कुस्करून गाळायच्या.

लोदहून_एक

मी इथेच वाढलो, मराठी घरात बोलतो. मावशींनी स्वयंपाकाचं सांगितलं, मी शनिवारचं सांगतो.

शब्बाथला वीज चालू-बंद करत नाहीत. न्हाणीघराचा आणि जिन्यावरचा दिवा शुक्रवारी संध्याकाळीच लावून ठेवा आणि बटणावर चिकटपट्टी लावा, नाहीतर तुमच्यातलंच कोणीतरी सवयीने बंद करेल. फ्रिजचा आतला दिवा काढून ठेवा, कारण दार उघडलं की तो लागतो. आणि एक लक्षात ठेवा: रात्री अंधार झाला तरी ते तुम्हाला ‘जरा दिवा लावा’ असं सांगणार नाहीत. दुसऱ्याला सांगून करून घेणंही टाळतात. म्हणून आधीच विचार करून ठेवणं हीच खरी मदत.

शनिवारी गाडी नाही, फोन नाही, फोटो नाही. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या टापाच्या जागी जायचं असेल तर रविवारी न्या. तिथल्या खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा आहेत अशी आपल्या लोकांची श्रद्धा आहे, त्याच्या आजी तिथे जाऊया असं नक्की म्हणतील. नवगावचं दफनस्थळही तिथून जवळ आहे. आमच्या परंपरेत जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या, आणि बुडालेल्यांना तिथे पुरलं. कबरींवर फुलं वाहू नका, लहानसा दगड ठेवतात.

शनिवारी रात्री आकाशात तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ संपतो. मग पीळ घातलेली मेणबत्ती, सरबत किंवा वाइन आणि वास घ्यायला मसाल्याचं काहीतरी लागतं. तुमच्याकडची लवंग-दालचिनी एका डबीत भरून ठेवा.

अजून एक, हे मनापासून सांगतो. नातवाला ‘तुम्ही खरे ज्यू का, मूळचे कुठले’ असं कौतुकानेसुद्धा विचारू नका. १९६२ मध्ये इथल्या रब्बी मंडळाने बेने इस्राएलांच्या लग्नांआधी पूर्वजांची चौकशी करायचा हुकूम काढला होता. आपली माणसं रस्त्यावर उतरली, आणि १९६४ मध्ये सरकारने आपण सर्व बाबतीत ज्यू आहोत हे मान्य केलं. आजच्या पोरांचा काटेकोरपणा बघून मला अनेकदा तेच आठवतं. त्याच्या आजीला जे चालायचं ते त्याला चालणार नाही, त्यात तुमचा काही दोष समजू नका.

पुणेकर_वाचक

कपड्यांचं: पुरुषांनी डोकं झाकायचं, साधी टोपी किंवा रुमाल चालतो. बायकांनी खांदे झाकलेले कपडे आणि ओढणी. साडी उत्तमच. दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला मेझुझा (धर्मवचनं लिहिलेली गुंडाळी ठेवलेली डबी) असते, तिला ते बोटं लावून चुंबन घेतात. अलिबागच्या इस्राएल आळीतल्या मागेन अबोथमध्ये आधी कळवून जा. (आमच्या पुण्यातल्या लाल देवळात, म्हणजे इथल्या ज्यू प्रार्थनालयात, बाहेरच्यांना आधी परवानगी घ्यावी लागते, अलिबागलाही तशी लागते का ते विचारा.)

ठाणेकर_मावशी

मलिदा राहिलाच. तू ठरवू नकोस, पण आजीने मैत्रिणीला विचारलं तर त्यात आगाऊपणा काही नाही. मलिदा नवसाचा असतो, लग्नाचा असतो, नुसता आभाराचाही असतो. भिजवलेले पोहे, ओला नारळ, गूळ किंवा साखर, वेलची, सुकामेवा, भोवती पाच तऱ्हेची फळं, त्यात खजूर हवाच. प्रत्येकावर वेगळी ब्राखा (आशीर्वचन) म्हणतात. झाडाच्या फळावर वेगळी, जमिनीतल्यावर वेगळी, आणि सब्ज्याच्या पानाचा वास घेऊन त्याची वेगळी. दहा पुरुष जमले तर उत्तम, अलिबागकडे अजून काही घरं आहेत, ती आपली ती जमवतील. तू फक्त जागा झाडून ठेव आणि पांढरी चादर अंथर.

चौलची_नात

मावशी, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. काल आजीने लोदला फोन लावला. दोघी पाऊण तास बोलल्या, त्यातली पंधरा मिनिटं हलव्याची कढई जड होती की हलकी यावर. मलिदा करायचाय, तिनेच आधी म्हटलं. रविवारी, खंडाळ्याहून आल्यावर.

नवी पातेली काल रेवदंड्याच्या बाजारातून आणली. पाण्याचा पेला आणि वरचं तेल आजीला बरोब्बर आठवत होतं, तिने माळ्यावरून तसाच एक जाड काचेचा पेला काढायला लावला.

वाटीचं मी फोनवर विचारलं. काकी म्हणाल्या, जेवायला नको, नातवाला अवघड होईल, पण मलिद्याच्या चादरीवर ठेवा, त्यात सब्जा ठेवू. आता एकच अडचण. आमच्याकडे तुळस आहे, सब्जा नाही. जानेवारीपर्यंत हाताशी येईल असं रोप अलिबाग-चौल बाजूला कुठे मिळेल?

पोयनाडकर

माझ्या मागच्या दारी दोन कुंड्या भरून आहे. रविवारी सकाळी खंडाळ्याला जाल तेव्हा माझ्याकडे या, ताज्या डहाळ्या तोडून देतो.