अनुभव धागा : कागदाच्या लगद्याची भिंत, आणि वरून काय फासलंत?

आज रद्दीवाला आला, काट्यावर पेपरांची चवड चढली आणि बागेतली भिंत आठवली. २०१७ चा उन्हाळा. पेपर रात्रभर पिंपात भिजवले, ड्रिलला पातं लावून लगदा केला, सिमेंट-वाळू कालवून कंबरेएवढी भिंत घातली. वाळायला तीन आठवडे. आई म्हणे, "भिंत आहे की कुरडई?"

घाई नडली. थेट ऑइलपेंट मारला. पावसात जोत्याकडून ओल चढली, बाहेर पडायला वाट नाही, रंग पोळीसारखा टम्म फुगला. बोट लावलं तर फचकन पाणी आणि भिजक्या पुठ्ठ्याचा वास! सगळं खरवडून चुना दिला, तो टिकला. तुमचं सांगा.

चिरेबंदी
आम्ही सिमेंटचा गिलावा केला. आत मऊ, वर कडक. महिन्यात भेगा, भेगांतून पाणी. पुढचं विचारू नका.

रिकामटेकडी
गुळगुळीत पुरवण्यांचा लगदाच होत नाही हो. आणि हा उद्योग घरच्या मिक्सरमध्ये करू नये. (नवऱ्याने केला. चटणी आता पाट्यावर. तोच वाटतो.)

माडाखाली
चुना म्हणजे डबा आणून फासणं नव्हे. कळीचा चुना पाण्यात थोडा थोडा सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, अंगावर उसळतो. रटरट उकळी फुटते. तेव्हाच चमचाभर अळशीचं तेल. आठवडाभर मुरवून फडक्यातून गाळायचा. दुधाइतका पातळ हवा, जाड झाला की पापुद्रे सुटतात. भिंत आधी भिजवायची. पहिला हात दिल्यावर वाटतं नुसतं पाणीच फासलं, सकाळी बघावं तर पांढरी. आम्ही पाच हात दिले, रोज एक.

रिकामटेकडी
पाच??

माडाखाली
सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिमी पडतो बाई.

दोन_शिंतोडे
चष्मा घाला रे. माझ्या डोळ्यात उडाला होता, अर्धा तास नळाखाली डोळा धरून मग दवाखाना. अजून कुणी चुना म्हटलं की पापणी मिटते.

गच्चीवरची
भिंत कुठली, मुंबईत कुंड्या केल्या. दोन फुटल्या, एकीत पुदिना मस्त.

चिरेबंदी
माथा कुणीच सांगितला नाही. आम्ही दुसऱ्या खेपेला वर शहाबादी फरशी टाकली, दोन्हीकडे इंचभर बाहेर, खालून खाच मारली म्हणजे थेंब तिथेच तुटतो. बूड दगडाचं. मग चुना.

रिकामटेकडी
पुदिन्याला ऊन किती लागतं गं?

गच्चीवरची
सकाळचं पुरे. फांदी देते, ये.

दोन_शिंतोडे
आमच्या कोंबड्या चुना टोचून खातात. वीतभर उंचीपर्यंत भिंत परत करडी.

धागाकर्ती
@दोन_शिंतोडे, अंडी तरी कडक टरफलाची देतात का? :)

दोन_शिंतोडे
अंडी शेजारच्यांच्या गोठ्यात घालतात.