‘वैयक्तिक माहिती’ एवढे म्हटले की फाइल बंद? माहिती अधिकारातील बदलाविषयी चर्चा

मुठाकाठ

वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते हे सांगणाऱ्या माहिती अधिकार कायद्यातील ज्या कलमाला, म्हणजे ८(१)(जे) ला, कचेऱ्यांमध्ये सरसकट ‘आठ-एक-जे’ म्हणतात, ते नोव्हेंबर २०२५ पासून बदलले आहे. माहिती अधिकाराच्या चळवळीत पुढे असलेल्या पुण्यात त्याची चर्चा फारच थोडी झाली, याचे मला मनापासून वाईट वाटते. हा बदल माहिती अधिकार कायद्यात थेट दुरुस्ती मांडून झालेला नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा वेगळाच कायदा आहे. त्याच्या शेवटाकडील कलम ४४(३) मधून हा बदल आला, आणि म्हणूनच तो अनेकांच्या नजरेतून निसटला.

जुने कलम असे होते, की एखाद्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामकाजाशी किंवा हिताशी संबंध नसेल, अथवा ती उघड केल्याने कोणाच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण होणार असेल, तर ती नाकारता येईल. मात्र व्यापक जनहितासाठी ती देणे योग्य आहे अशी जन माहिती अधिकाऱ्याची किंवा अपिलीय अधिकाऱ्याची खात्री पटली, तर ती द्यावी. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे परंतुकही त्याला जोडलेले होते. नव्या कलमात यातले काहीही उरलेले नाही. माहिती ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित’ आहे, एवढे म्हटले की नकाराला आधार मिळतो.

सरकारी कागद माणसांच्या नावांशिवाय असतो कुठे? रस्त्याच्या डांबरीकरणाची एक फाइल घ्या. कार्यादेशावर ठेकेदाराचे नाव असते. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी आणि जाडीचे आकडे असतात, त्यांच्यापुढे कनिष्ठ अभियंत्याची सही असते, वरिष्ठाने तपासल्याची खूण असते आणि देयकावर लेखा विभागाचा शिक्का असतो. जागेवर थर ३० मिलिमीटरचा निघाला आणि पुस्तिकेत तो ५० मिलिमीटरचा नोंदलेला असला, तर नागरिकाला विचारायचे असते ते एवढेच, की हे मोजले कोणी, आणि त्याच दिवशी त्याच माणसाची सही शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कामावरही आहे काय. नावे काळी करून दिलेल्या पुस्तिकेचा या कामी काडीचाही उपयोग नाही.

१२ ऑक्टोबर २००५ रोजी हा कायदा लागू झाला, तेव्हा देशातील पहिला अर्ज पुण्यातील एका पोलीस ठाण्यात दाखल झाला होता. सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना फाइली पाहू देण्याची पद्धत पुणे महापालिकेने सुरू केली आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती जिल्हा पातळीवरील कार्यालयांसाठी स्वीकारली. ज्या शहराने हे घडवले, त्या शहरातील लोकांना हा बदल मान्य आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

कोथरूडकर

मला तो मान्य आहे, आणि का मान्य आहे ते सविस्तर लिहितो, कारण मी निवृत्तीपूर्वी बरीच वर्षे एका शासकीय कार्यालयात जन माहिती अधिकारी म्हणून काम केले आहे.

आपण रस्त्याच्या फाइलीचे उदाहरण दिलेत. माझ्या टेबलावर आलेल्या अर्जांपैकी पुष्कळ अर्ज रस्त्याविषयी नव्हते. एका महिला कर्मचाऱ्याचे सेवापुस्तक, तिच्या वैद्यकीय रजेची प्रमाणपत्रे आणि वारसनोंदीचा नमुना मागणारे अर्ज वेगवेगळ्या नावांनी येत राहिले. त्यामागे तिच्याशी न्यायालयात वाद चाललेला तिचा पती होता, हे सर्वांना ठाऊक होते. प्रत्येक अर्जात ‘व्यापक जनहितार्थ’ हे शब्द लिहिलेले असत. अशा वेळी जनहित कशात आहे हे ठरवायची जबाबदारी माझ्यासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यावर होती, मुदत ३० दिवसांची होती, आणि माहिती आयोगाला माझा निर्णय पटला नाही तर दिवसाला २५० रुपये या दराने २५,००० रुपयांपर्यंतचा दंड मलाच भरावा लागला असता. आपली बाजू बरोबर आहे हे माहीत असूनही तिचे कागद देऊन मोकळे व्हावे, असा विचार करणारे सहकारी मी पाहिले आहेत.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. सरकारी नोकरीत शिरताना तो हक्क कोणी दारात ठेवून येत नाही. शिवाय कलम ८(२) जसेच्या तसे आहे. जनहित हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते आजही सांगते. केंद्र सरकारनेही याच कलमाकडे बोट दाखवले होते. दरवाजा बंद झाला असे म्हणणे मला अतिशयोक्त वाटते.

मुठाकाठ

त्या भगिनीचे कागद देऊ नयेत याबद्दल आपल्यात मतभेद नाही. पण ते जुन्या कलमाखालीही देता येत नव्हते. गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याचे सेवाविषयक तपशील, त्याला दिलेली ज्ञापने, त्याची मालमत्ता आणि विवरणपत्रे ही वैयक्तिक माहिती मानली, आणि व्यापक जनहित दाखवल्याखेरीज ती देता येणार नाही असे म्हटले. माझ्या मते तो निकाल गरजेपेक्षा जास्तच कडक होता. म्हणजे आपल्या सहकाऱ्यांच्या हाती ढाल होतीच. ती वापरायचे धैर्य किंवा प्रशिक्षण नव्हते. त्याचा उपाय प्रशिक्षण हा आहे, आणि त्यासाठी यशदासारखी संस्था याच शहरात बाणेर रस्त्यावर उभी आहे. त्रास देणाऱ्या अर्जदारांमुळे सगळ्यांचाच हक्क आखडणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे आहे.

आता कलम ८(२). त्याची शब्दरचना नीट पाहावी. त्यात सार्वजनिक प्राधिकरण माहिती देऊ ‘शकेल’ असे म्हटले आहे. जन माहिती अधिकाऱ्याचा त्यात उल्लेखही नाही. जुन्या कलमात तराजू ज्याच्यासमोर अर्ज आला त्याच्याच हातात होता आणि तोलणे त्याचे कर्तव्य होते. आता पहिल्या टेबलावरचा अधिकारी ‘वैयक्तिक’ एवढाच शेरा मारून मोकळा होईल, आणि जनहित पाहण्यासाठी नागरिकाला खातेप्रमुखाच्या मर्जीची वाट पाहावी लागेल. ज्याच्या खात्यातील गैरप्रकाराची माहिती मागायची, त्याच्याच मर्जीची! न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या मसुद्यात हे कलम बदलायचे सुचवले होते, पण हानी आणि जनहित यांची तुलना त्यांनीही कायम ठेवली होती. ती तुलना का काढून टाकली, याचे पटणारे उत्तर मला कुठेही मिळालेले नाही.

हिंजवडी फेज दोन

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो आणि कोथरूडकरांच्या बाजूचा आहे, पण माझे कारण वेगळे आहे. २००५ साली माहिती मिळायची म्हणजे झेरॉक्सचे कागद मिळायचे, पानाला दोन रुपये देऊन. तो गठ्ठा एका माणसाच्या कपाटात राहायचा. आज तीच यादी एक्सेल फाइलमध्ये मिळते, आणि एका यादीतील नाव, दुसऱ्या यादीतील पत्ता आणि तिसरीकडून फुटलेला मोबाइल क्रमांक जुळवायला संगणकाला काही मिनिटे लागतात. एकेकटी निरुपद्रवी असलेली माहिती एकत्र आली की त्यातून माणसाचे उत्पन्न, आजार, जात आणि कुटुंबातील एकट्या वृद्धांचा पत्ता, असे सगळे उघडे पडते. फसवणूक करणारे जेव्हा फोनवर पेन्शनधारकाला त्याच्या बँकेचे आणि खात्याचे नाव बिनचूक सांगतात, तेव्हा ती माहिती कुठून तरी जुळवलेली असते.

जनहिताचा तोल पाहणारा अधिकारी हातातल्या अर्जाचा विचार करतो. तो कागद उद्या आणखी कशाशी जोडला जाईल, हे त्याला ठरवता येणे शक्यच नाही, कारण ते कोणालाच आधी कळत नाही. म्हणून ‘शक्यतो देऊ नका’ ही सुरुवात मला आजच्या काळात अधिक सुरक्षित वाटते.

येरवडा

हिंजवडीच्या मित्रांचा मुद्दा खरा आहे, पण त्यांचा निष्कर्ष मान्य केला तर सर्वांत गरीब माणूस उघड्यावर पडेल.

मी वस्तीत रेशनच्या तक्रारींवर काम करते. दुकानदार सांगतो, ‘तुमचे धान्य आले नाही.’ नोंदवहीत मात्र धान्य उचलल्याचे लिहिलेले असते. ती नोंद आम्ही वस्तीत बसून मोठ्याने वाचतो: कार्डधारकाचे नाव, महिना, गहू किती, तांदूळ किती. नाव वाचले की बाई उठते आणि म्हणते, ‘मी त्या महिन्यात गावाला होते, माझा अंगठा कोणी लावला?’ पुढचे नाव येते, आणि शेजारीण सांगते की तो म्हातारा वारला. चोरी नावावरूनच पकडली जाते. ‘या दुकानात या महिन्यात अमुक क्विंटल धान्य वाटले’ हा एकूण आकडा आम्हाला काहीही सांगत नाही. राजस्थानात नव्वदच्या दशकात जनसुनवाईत हजेरीपट वाचले गेले, तेव्हाही असेच घडले होते, आणि त्या चळवळीतूनच हा कायदा उभा राहिला. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ मध्ये तर या वितरणाच्या नोंदी लोकांसाठी खुल्या ठेवण्याची तरतूद आहे. आता एखाद्या अधिकाऱ्याने ‘कार्डधारकांची नावे वैयक्तिक आहेत’ म्हटले, तर आम्ही काय वाचायचे?

फोन क्रमांक, आधार क्रमांक, बँक खाते हे सगळे जरूर झाका. ते आम्हाला नकोच आहे. पण गरिबाच्या नावाने चोरी होत असताना त्याच गरिबाच्या खासगीपणाचे कारण पुढे करून नोंदवही बंद करणे, हे मला सहन होत नाही.

शनिवार पेठ

वकिली करतो, म्हणून कायद्याच्या दोन बाबी जोडतो. झाकण्याजोगा भाग वेगळा करून उरलेली माहिती देण्याची तरतूद कलम १० मध्ये आहे आणि ती अबाधित आहे. येरवड्याच्या ताईंना जे हवे आहे ते त्याच कलमातून मागता येईल. दुसरे म्हणजे, अपिलात नकाराचे समर्थन करण्याचा भार कलम १९(५) नुसार आजही अधिकाऱ्यावरच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २०१९ मध्ये सुभाषचंद्र अग्रवाल प्रकरणात खासगीपणा आणि माहितीचा हक्क यांचा तोल प्रत्येक प्रकरणात पाहावा लागतो असे सांगितले. तो तोल संविधानातूनच येत असल्यामुळे कलमातून शब्द गळाले तरी तो पूर्णपणे नाहीसा होणार नाही, असे माझे मत आहे.

व्यवहारात मात्र मुठाकाठ यांची चिंता रास्त आहे. पहिल्या टेबलावरचा नकार मोडून काढायला पहिले अपील, दुसरे अपील आणि मग आयोगातील प्रतीक्षा एवढा प्रवास करावा लागतो. तोवर रस्त्यावर डांबराचा नवा थर चढलेला असतो.

हिंजवडी फेज दोन

ताईंनी वर्णन केलेले वाचन मला पूर्ण मान्य आहे, कारण ते वस्तीत, माणसांसमोर होते. माझा विरोध त्याच नोंदी संकेतस्थळावर सर्व जगासाठी उतरवून घेण्याजोग्या स्वरूपात ठेवण्याला आहे. कायद्याने हा फरक करायला हवा होता: फाइल पाहू द्या, वाचू द्या, प्रमाणित प्रत द्या, पण घाऊक स्वरूपातील डेटाला वेगळा नियम लावा. जुन्या कलमातही हा फरक नव्हता आणि नव्यातही नाही.

कोथरूडकर

हा फरक मलाही योग्य वाटतो. तरीही एका बाबतीत मी माझ्या जागी ठाम आहे. काही अर्जदार ठेकेदाराकडून पैसे मिळाले की अर्ज मागे घेतात, आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक अभियंत्याचीही झोप उडते, हे कार्यालयात काम केलेल्या कोणालाही विचारावे. अभियंत्याने सरकारी कामावर केलेली सही वैयक्तिक नाही, हे मी निःशंकपणे मान्य करतो. ती त्याने पदावरून केलेली असते. पण त्याच्या मुलीच्या लग्नाचा खर्च आणि त्याच्या पत्नीच्या नावावरचे घर, हे ‘सही’बरोबर आपोआप खुले होत नाही.

मुठाकाठ

पदावरून केलेली सही वैयक्तिक नाही, हे तुमच्यासारख्या माजी जन माहिती अधिकाऱ्याने लिहिले, याला मी फार महत्त्व देतो. हेच वाक्य शासनाने परिपत्रकात लिहावे अशी मागणी करता येईल. पत्नीच्या नावावरच्या घराबद्दल मात्र मी सहमत होणार नाही. मुंबईतील आदर्श सोसायटीच्या प्रकरणात सभासदांच्या यादीत कोणाचे नातेवाईक आहेत, हाच प्रश्न होता. ती नावे वैयक्तिक म्हणून झाकली गेली असती, तर प्रकरणच उभे राहिले नसते.

खंडणी मागणाऱ्यांवर गुन्हे दाखल करावेत. त्यासाठीचे कायदे वेगळे आहेत आणि पुरेसे आहेत. त्याच वेळी दुसरी बाजूही विसरू नये. जमीन व्यवहारांची माहिती काढणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे हत्या झाली. अर्जदाराने संपर्कापुरतीच माहिती द्यावी, कारण सांगायची गरज नाही, असे कलम ६(२) म्हणते. पण अर्जावरचे नाव आणि घरचा पत्ता संध्याकाळपर्यंत ठेकेदाराकडे पोहोचतो, असा अनुभव अनेकांना आहे. वैयक्तिक माहिती जपायची इतकी कळकळ असेल, तर सुरुवात या पत्त्यापासून व्हायला हवी होती.

वकील साहेबांना एक विनंती आहे. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर करावा लागतो. तेवढ्या मर्यादेत कलम ८(२) आणि कलम १० या दोन्हींचा आधार घेणारा, आणि नकार द्यायचा झाल्यास प्राधिकरणाच्या प्रमुखाने जनहिताचा विचार केला की नाही हे कारणांसह कळवावे अशी मागणी करणारा परिच्छेद आपण तयार करून द्याल का? या आठवड्यात मला मोजमाप पुस्तिकेसाठी अर्ज करायचा आहे.

शनिवार पेठ

देतो. साधारण ६० शब्दांत बसेल, म्हणजे आपल्या मूळ मागणीला ९० उरतील. कामाचे नाव, कार्यादेशाचा क्रमांक आणि मोजमाप पुस्तिकेचा कालावधी एवढे आधी मिळवून ठेवा. मोघम मागणी केली की नकाराला दुसरेच निमित्त मिळते.