चार दिशा आणि एक मुंगूस

मेघना (बी-४०१): नमस्कार. कोणावर रोख नाही, पण 'नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ म्हणून न्यूज' हा मेसेज या आठवड्यात तिसऱ्यांदा आलाय. माझ्या मुलीने तो विश्वासाने प्रोजेक्टमध्ये उतरवला. बाईंनी लाल रेघ मारून वही परत दिली.

जोशी काका (ए-१०२): रोख नाही म्हणतेस, पण मेसेज तिन्ही वेळा मीच टाकलाय. चारही दिशांच्या बातम्या, म्हणून न्यूज. यात चुकीचं काय?

मेघना: काका, न्यू म्हणजे नवं, त्याचंच ते अनेकवचन. नव्या गोष्टी, बस. सतराव्या शतकातल्या छापील पत्रांत त्याचं स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असंही सापडतं. मग ती दुसरी ई कुठली दिशा?

समीर (सी-२०३): ईशान्य 😄

जोशी काका: ज्येष्ठांची चेष्टा करायला ग्रुप काढलेला नाही.

पाटील सर (बी-१०१): मंगूज हा इंग्रजी शब्द आपल्या मुंगसावरून गेलाय. इंग्रजी शब्दकोशांत तशी मराठीची नोंद आहे. माहितीसाठी.

वैद्य काकू (ए-३०४): मेघना, सॅलरी मिठावरून आली म्हणतात, तेही खोटं का मग? आमच्या ह्यांनी निरोप समारंभात भाषणात तेच सांगितलं होतं.

मेघना: काकू, अर्धं खरं. लॅटिनमध्ये सालारियम, त्यात साल म्हणजे मीठ. पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच मोजून देत, याला त्या काळातला पुरावा नाही. ती गोष्ट मागाहून चिकटली.

समीर: मसल जास्त भारी आहे. लॅटिन मुस्कुलुस, म्हणजे छोटा उंदीर. दंड वळवला की कातडीखाली उंदीर सरकल्यासारखा दिसतो म्हणे.

वैद्य काकू: अगं बाई! आपण बेटकुळी म्हणतोच की. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक.

पाटील सर: आणि मुंगूस. वर लिहिलंय, कोणी वाचलेलं दिसत नाही. त्यातल्या गूजचा हंसाशी काही संबंध नाही, म्हणून अनेकवचन मंगूजेस होतं, मंगीज नव्हे.

देशमुख (सी-४०२): नाइस इन्फर्मेशन सर.

समीर: देशमुख, जपून. चौदाव्या शतकात नाइस म्हणजे मूर्ख. मूळ लॅटिन नेस्कियुस, अडाणी.

सेक्रेटरी: कृपया ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी वापरावा. पार्किंगचे फॉर्म भरायची डेडलाइन रविवार आहे. 🙏

समीर: साहेब, अमेरिकेतलं यादवी युद्ध, १८६४. अँडरसनव्हिलला युद्धकैद्यांची छावणी होती, तिच्या कुंपणाच्या आत एक साधा लाकडी कठडा. तो ओलांडला की पहारेकरी गोळी घालायचे. ती डेडलाइन. फॉर्म सोमवारी दिला तर चालेल ना?

देशमुख: आणि सेक्रेटरी म्हणजे मुळात गुपितं सांभाळणारा. गेल्या वर्षीचा हिशेब अजून दिसला नाही तो त्यामुळेच का?

सेक्रेटरी: हिशेब मीटिंगमध्ये वाचून दाखवला. जे येतच नाहीत त्यांना कळणार कसा? त्यांच्यासाठीही शब्द आहे. ग्रीक इडिओटेस, म्हणजे सार्वजनिक पदावर नसलेला, आपल्यापुरता राहणारा माणूस. इंग्रजीत त्याचं काय झालं ते समीर सांगेल.

समीर: मला यात ओढू नका.

देशमुख: हा जाहीर अपमान आहे. मीटिंगची वेळ ठरवताना आम्हाला कधी विचारलंत?

सेक्रेटरी: मी फक्त शब्दाचं मूळ सांगितलं.

पाटील सर: मुंगूस मराठीच आहे. परत टाकतो, वर गेलं.

जोशी काका: ते राहू दे रे. मेघना, लाल रेघ मारली म्हणजे मार्क कापले का पोरीचे?

मेघना: दोन कापले, काका. पण दुरुस्त करून दिलं तर पुन्हा तपासणार आहेत.

जोशी काका: मग ती दुसरी ई लिहायला सांग तिला. ईशान्य सोडून.

पाटील सर: आणि मुंगूस.