मदत हवी आहे: मोटरमन असलेल्या पतींच्या आघातोत्तर तणावावर कोणता उपचार घ्यावा?

माझे पती मुंबईच्या उपनगरी गाडीवर मोटरमन आहेत. गेल्या पावसाळ्यात, दोन स्टेशनांच्या मधल्या वळणावर, रूळ ओलांडणारा एक तरुण मुलगा त्यांच्या गाडीखाली आला. या नोकरीत असे प्रसंग येतात, हे आम्हाला ठाऊक होते. करोनाची वर्षे सोडली तर मुंबईच्या लोहमार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसांचा मृत्यू होतो, आणि त्यांपैकी जे रूळ ओलांडताना जातात त्यांचा शेवटचा क्षण बहुतेक वेळा कोणत्या ना कोणत्या मोटरमनने समोरच्या काचेतून पाहिलेला असतो. ह्यांच्या वाट्यालाही हे आधी आले होते; दर वेळी काही दिवस जेवणावरची वासना उडायची आणि मग हळूहळू सगळे मार्गी लागायचे. या वेळी तसे झाले नाही. हॉर्न ऐकून त्या मुलाने मान वर केली आणि दोघांची नजरानजर झाली, एवढेच त्यांनी मला सांगितले आहे. त्यापुढचे एक अक्षरही त्यांच्या तोंडून आलेले नाही.

आता कित्येक महिने उलटले आहेत. पहाटे ते दचकून उठतात, बनियन घामाने भिजलेले असते आणि एक पाय पलंगाच्या कडेला इतका घट्ट रोवलेला असतो की मला तो हाताने सोडवावा लागतो. कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघरातून बाहेर निघून जातात. बाजाराला जायचे तर स्टेशनवरचा पूल टाळून लांबच्या रस्त्याने रिक्षा करतात. आमचा मुलगा बारावीत आहे. त्याच्या कानात इअरफोन दिसले की ते एकदम भडकतात, आणि नंतर दोन-दोन दिवस त्याच्याशी बोलत नाहीत. पूर्वी बापलेक रात्री जेवणानंतर कॅरम खेळायचे, तेही बंद पडले आहे. वरिष्ठांनी समजून घेऊन सध्या त्यांना गाडीवर न पाठवता बैठे काम दिले आहे.

सुरुवातीला आम्ही एका समुपदेशकांकडे गेलो होतो. त्यांनी "झाले गेले विसरा, मन दुसरीकडे गुंतवा" असे सांगितले. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, ती अजून चालू आहे. अलीकडे एका मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणावविकार, असे निदान करून आम्हाला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवले. त्या बाईंनी जो उपचार सुचवला तो ऐकून आम्ही सगळेच हबकलो आहोत. डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडतो आहे असा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा सांगायचा; त्याचे रेकॉर्डिंग करायचे आणि ते घरी रोज ऐकायचे. हे म्हणतात, मी मरेन पण हे करणार नाही. सासूबाईंचे म्हणणे, भरत आलेल्या जखमेची खपली कशाला काढायची? जे विसरावे म्हणून इतका आटापिटा चालला आहे तेच मुद्दाम आठवायला लावणे हा उपचार कसा असू शकतो, हे मलाही उमगत नाही. हा उपचार खरोखर मान्यताप्राप्त आहे का, त्याने त्रास वाढून माणूस कोसळण्याची भीती असते का, दुसरा काही मार्ग आहे का, आणि घरात आम्ही नेमके कसे वागावे, याविषयी ज्यांना माहिती वा अनुभव असेल त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: आघातग्रस्तांवर उपचार करणारी एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट

ताई, तुमच्या पतींना न तपासता त्यांच्यापुरता सल्ला देणे योग्य होणार नाही, परंतु तुम्ही विचारलेल्या उपचाराविषयी निश्चित सांगता येईल. त्याला प्रोलाँग्ड एक्स्पोजर म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी तो विकसित केला आणि आघातोत्तर तणावावरील सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या उपचारांपैकी तो एक आहे. साधारणपणे आठवड्याला एक याप्रमाणे 8 ते 15 बैठका होतात आणि प्रत्येक बैठक तास-दीड तासाची असते. तेव्हा तुमच्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी काही भलतेसलते सुचवलेले नाही.

सासूबाईंची शंका मात्र मला अगदी रास्त वाटते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला ते तसेच दिसते. पण तुम्ही जे वर्णन केले आहे त्यात जखम भरत आलेली नाही. अशा प्रसंगानंतर पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणे, दचकणे, तेच चित्र डोळ्यांसमोर येणे हे बहुतेकांना होते आणि पुष्कळांचे आपोआप ओसरते. म्हणूनच किमान महिनाभर लक्षणे टिकल्याखेरीज हे निदान करत नाहीत. ज्यांचे ओसरत नाही, त्यांच्या बाबतीत टाळण्याचा मोठा वाटा असतो. पूल टाळला की त्या क्षणापुरते बरे वाटते आणि "पूल टाळला म्हणून मी वाचलो" असा धडा मन घेते. उद्या पुलाची भीती अधिक वाढते, परवा स्टेशनच्या रस्त्याची वाटू लागते, आणि मग कुकरची शिट्टी आणि मुलाचे इअरफोनही त्याच यादीत जाऊन बसतात. आठवणीचेही असेच होते. ती अर्ध्यावर तोडून दूर लोटली जाते, त्यामुळे दर वेळी सर्वांत भयंकर क्षणालाच थांबते आणि पुढे सरकतच नाही. प्रसंग संपला, मी खाली उतरलो, घरी पोहोचलो, हा शेवट त्या आठवणीला कधी जोडलाच जात नाही. सुरक्षित खोलीत, अनुभवी माणूस समोर असताना ती सलग पुढे नेली की मन हळूहळू हे शिकते की आठवण कितीही वेदनादायक असली तरी ती आठवणच आहे, प्रसंग पुन्हा घडत नाही.

यात माणसाला एकदम खोल पाण्यात ढकलत नाहीत. पहिल्या बैठकांत उपचार समजावून सांगतात आणि टाळल्या जाणाऱ्या गोष्टींची यादी करून प्रत्येकीला 0 ते 100 असे त्रासाचे गुण देतात. तुमच्या घरी कदाचित कुकरची शिट्टी 30 वर असेल, पुलावर दुपारी गर्दी नसताना उभे राहणे 50 वर आणि फलाटावर गाडी येताना पाहणे 80 च्या पुढे. खालून सुरुवात करायची, आणि त्रास थोडा उतरेपर्यंत तिथे थांबायचे. सुरुवातीच्या काही बैठकांनंतर काही जणांना त्रास तात्पुरता वाढल्यासारखा वाटतो, हे मी लपवणार नाही. तसे होईल हे घरच्यांना आधीच ठाऊक असले म्हणजे त्या टप्प्यावर उपचार सोडून देण्याची चूक होत नाही.

दुसरे मार्गही आहेत. एक कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, जी पॅट्रिशिया रेसिक यांनी घडवली. ती साधारण 12 बैठकांची असते आणि तिच्यात प्रसंग तपशिलाने सांगण्यापेक्षा त्या प्रसंगाने मनात रुतवलेल्या समजुतींवर काम होते. तुमच्या पतींनी तुम्हाला सांगितले नसले, तरी "मी दोन सेकंद आधी ब्रेक लावला असता तर" हा विचार त्यांच्या मनात असण्याची दाट शक्यता आहे. माझ्याकडे आलेल्या बहुतेक चालकांच्या मनात तो होता. अशा वेळी मी त्यांना कागद-पेन्सिल देऊन हिशेब मांडायला लावते. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते आणि आणीबाणीचा ब्रेक लावूनही पूर्ण थांबायला तिला दोनशे मीटरांहून जास्त अंतर लागते. वळणावर माणूस किती मीटरांवरून दिसतो, हे चालकालाच सर्वांत चांगले ठाऊक असते. ते आकडे तो स्वतःच्या हाताने लिहितो, आणि "तुमची चूक नाही" असे मी पन्नास वेळा सांगून जे होत नाही ते पुष्कळदा त्या कागदाने होते.

तिसरा मार्ग ईएमडीआर. फ्रान्सिन शापिरो यांनी 1987 साली त्याची सुरुवात केली. आठवण मनात धरून डोळ्यांची डावी-उजवीकडे हालचाल केली जाते आणि तपशील फारसा बोलून दाखवावा लागत नाही, त्यामुळे ज्यांना शब्दांत सांगणे अशक्य वाटते त्यांना तो सोपा जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत आघातकेंद्रित बोधात्मक-वर्तनोपचार (वरचे पहिले दोन उपचार याच प्रकारात मोडतात) आणि ईएमडीआर या दोहोंची शिफारस आहे. यांपैकी एकच उपचार सर्वांना लागू पडतो असे नाही. माझ्या मते उपचाराचे नाव काय यापेक्षा तो देणाऱ्याने त्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले आहे का, हे अधिक महत्त्वाचे. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, आघातावरील कोणत्या पद्धतीचे प्रशिक्षण झाले आहे, किती बैठकांनंतर आढावा घेणार, हे प्रश्न निःसंकोच विचारा. चांगल्या उपचारकाला त्यांचा राग येत नाही.

प्रतिसाद: निवृत्त मोटरमन

वहिनी, मी याच कामावरून निवृत्त झालो आहे, त्यामुळे तुमच्या यजमानांनी जे सांगितले नाही ते मला समजते. आमच्यात यावर बोलण्याची पद्धतच नाही. पुढच्या स्टेशनला कळवायचे, कागद पुरे करायचे, लॉबीत, म्हणजे चालकांच्या हजेरी कक्षात, साइन ऑफ करायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वळणावरून गाडी न्यायची. हॉर्नचा आवाज संपल्यानंतर गाडीखालून जो आवाज येतो तो आम्ही घरी कुणालाही सांगत नाही, कारण घरच्यांच्या कानात तो जाऊ नये असे वाटते. ते तुमच्यापासून काही लपवत आहेत असे मनात आणू नका.

उपचाराला नकार देण्यामागे आणखी एक भीती असते, आणि ती नोकरीची असते. मनाच्या आजाराची नोंद झाली की गाडी कायमची सुटेल, रनिंग अलाउन्स, म्हणजे गाडी चालवण्याचा भत्ता, जाईल, असे प्रत्येकाला वाटते. त्याबाबत त्यांना एक गोष्ट अवश्य सांगा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 20 अन्वये, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही किंवा त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे पद द्यावे लागते. त्या कायद्याच्या यादीत मानसिक आजारही आहे. अर्थात आपल्यावर ही वेळ येईलच असे नाही. माझ्या ओळखीतले दोघे उपचार घेऊन परत गाडीवर गेले. जाताना आधी नुसते केबिनमध्ये सहकाऱ्यासोबत बसले, मग हळूहळू स्वतः चालवू लागले. तिसऱ्याने बैठे काम स्वीकारले आणि तोही सुखात आहे. त्यांची इच्छा असेल तर एखाद्या विश्वासू जुन्या सहकाऱ्याला घरी चहाला बोलवा. त्याच्याशी ते जे बोलतील ते तुमच्याशी किंवा डॉक्टरांशी बोलणे त्यानंतर सोपे जाईल.

धागाकर्ती:

आपण दोघांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. हे सर्व मी त्यांना वाचायला दिले. काकांनी आवाजाविषयी जे लिहिले आहे ते त्यांनी दोनदा वाचले. ब्रेकच्या हिशेबावर ते म्हणाले, "वळण आहे तिथे तेवढे अंतर मिळतच नाही." त्या प्रसंगाविषयी त्यांनी इतके सलग वाक्य बोलण्याची ही पहिलीच वेळ. मॅडम, आणखी दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत. झोपेची गोळी चालू ठेवावी का? रात्री ते दचकून उठतात तेव्हा मी काय करावे? आणि त्यांचा स्वतःचा एक प्रश्न आहे: ते रेकॉर्डिंग आणखी कोण ऐकेल?

प्रतिसाद: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट

ताई, झोपेची गोळी नेमकी कोणत्या गटातली आहे हे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या या विकारात लाभदायक ठरत नाहीत आणि त्यांची सवय लागते; पण त्या आपल्या मनाने एकदम बंद करणे धोक्याचे असते, डॉक्टरच त्या हळूहळू कमी करतील. औषधाची गरज असलीच तर सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटिन यांसारखी औषधे अधिक उपयोगी ठरलेली आहेत. चालकाच्या कामावर परतण्यापूर्वी चालू असलेल्या प्रत्येक औषधाची माहिती कार्यालयीन वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यावी.

रात्री ते उठतील तेव्हा एकदम हात लावू नका. दिवा लावून, थोड्या अंतरावरून, त्यांचे नाव किंवा तुम्ही नेहमी ज्या हाकेने बोलावता ती हाक द्या. आपण घरी आहोत, अमुक वार आहे, मुलगा बाहेरच्या खोलीत झोपला आहे, अशी साधी वाक्ये बोला. स्वप्नात काय पाहिले हे त्या वेळी विचारू नका. मुलाला मात्र सगळे समजावून सांगा. वडिलांचा राग आपल्यावर नाही, हे त्याला कळलेच पाहिजे, आणि इअरफोन लपवत फिरण्याचीही त्याला गरज नाही. "जगून काय उपयोग" अशा आशयाचे बोलणे कधी ऐकू आले किंवा दारूचे प्रमाण वाढू लागले, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अपरात्री कुणी उपलब्ध नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर: ते रेकॉर्डिंग त्यांच्याच फोनवर होते आणि त्यांच्याकडेच राहते. ते ऐकण्याची वेळ आणि खोली त्यांनीच ठरवायची असते, आणि घरातल्या कुणीही, अगदी तुम्हीसुद्धा, ते ऐकायचे नसते. झोपण्यापूर्वी मात्र ऐकू नये. संध्याकाळी ऐकून झाल्यावर तासभर तरी हातात एखादे काम असावे. पुढच्या भेटीत त्यांनी सायकॉलॉजिस्ट बाईंना हाच प्रश्न सर्वांत आधी विचारावा. "मला डोळे उघडे ठेवून सांगायचे आहे" किंवा "आज इथवरच" असे म्हणण्याची मुभा असेल का, हेही विचारावे. माझ्याकडे तशी मुभा असते, आणि पहिल्या बैठकीत बहुतेक जण ती घेतात.