फीड रीडर चालवताना सर्व्हर अडखळतो, उपाय सुचवावा

प्रश्न (इंदूर): आमच्या वाचक मंडळासाठी मी छोटा वेब फीड रीडर (अनेक संकेतस्थळांच्या नव्या लेखांच्या याद्या, म्हणजे फीड, एका पानावर आणणारा प्रोग्राम) चालवतो. दर १५ मिनिटांनी क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप काम करणारी सोय) सुरू झाला की सुमारे ४०० फीड एकदम आणली जातात आणि पान उघडता उघडत नाही. एका संकेतस्थळाने तर ४२९ (‘विनंत्या फार झाल्या’ असा संकेत) देऊन आम्हाला अडवले आहे. शिवाय वाचलेले लेख पुन्हा ‘न वाचलेले’ दिसतात. रामबागेतल्या एका आजोबांनी काल एकच लेख तीनदा उघडला, याचे फार वाईट वाटते.

उत्तर १: प्रत्येक फीडची पुढची वेळ डेटाबेसमध्ये स्वतंत्र नोंदवा, महिन्यातून एकदा लिहिणाऱ्याकडे दर १५ मिनिटांनी जाण्याचे कारण नाही. सर्व्हरने दिलेला ईटॅग (मजकुराच्या आवृत्तीची खूण) जपून पुढच्या विनंतीत इफ-नन-मॅच या हेडरमध्ये पाठवा, म्हणजे बदल नसल्यास मजकुराविना नुसते ३०४ येते. ४२९ सोबत रिट्राय-आफ्टर (किती वेळाने परत यावे ही सूचना) असेल, तर तेवढा वेळ थांबावेच. तो लेखकाच्या सर्व्हरचा मान आहे.

उत्तर २: लेखाची ओळख शीर्षकावरून ठरवत असाल, तर घोळ तिथेच आहे, कारण लेखक शीर्षक सुधारतात. अ‍ॅटम या फीडच्या प्रकारात लेखाचा आयडी (ओळखखूण) अनिवार्य आहे, आरएसएस २.० या दुसऱ्या प्रकारात जीयूआयडी ही तशीच खूण ऐच्छिक असल्याने तो नसेल तेव्हा दुवा वापरावा. ओपीएमएल निर्यातही (वाचकाला आपल्या फीडची यादी फाइल म्हणून उतरवून घेण्याची सोय) आत्ताच द्या. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाला, तेव्हा ज्यांनी आपली यादी उतरवून घेतली होती त्यांना ती दुसरीकडे नेता आली.

प्रश्नकर्ता: शीर्षकावरूनच ठरवत होतो. आज रात्री जीयूआयडीवर आणतो.