योहान 15: 'माझ्यात राहा' म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

प्रश्न: सलाम. उपासना, उपास, तरुण संघ सगळं चालू आहे, तरी आतून कोरडेपणा. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, अध्याय 15 मध्ये, येशू म्हणतो: मी द्राक्षवेल, तुम्ही फाटे; माझ्यात राहा, म्हणजे फळ द्याल. हे 'राहणं' आचरणात कसं आणायचं?

उत्तर 1: ओव्या 4 ते 10 मध्ये 'राहणे' या अर्थाचं मूळ ग्रीक क्रियापद 10 वेळा येतं. कसं, तेही तिथंच आहे: ओवी 7 मध्ये वचनं आपल्यात राहणं आणि प्रार्थना, ओवी 10 मध्ये आज्ञापालन. रोज 8-10 ओव्याच घ्या, दोनदा मोठ्यानं वाचा, एक ओवी पाठ करा, तिच्यावरूनच प्रार्थना करा, आणि तिच्यातली एक आज्ञा त्याच दिवशी पाळा. बहुतेकांचं इथंच बिघडतं: वाचन होतं, पाळणं राहतं.

उत्तर 2 (नाशिककर): द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी आठवा. बाग उघडीबोडकी दिसते, पण घड धरायचा की नाही हे पुढं फुटणाऱ्या काडीच्या डोळ्यांत तेव्हाच ठरतं. दिसतो तो ऑक्टोबर छाटणीनंतर. कोरडेपणा म्हणजे तुटलेला फाटा, असं लगेच धरू नका.

उत्तर 3: आणि फळ म्हणजे कार्यक्रमांची संख्या नव्हे. गलतीकरांस पत्र 5:22-23 मध्ये आत्म्याच्या फळाचे गुण नऊ, पण 'फळ' एकवचनी. घरच्यांना विचारा, सहनशीलता वाढली का. (उत्तर ऐकायची तयारी ठेवा!)

प्रश्नकर्ता: आज्ञापालनाचं वर्मी लागलं, भाऊ. उद्यापासून ओव्या 1-8.